इंग्रजी शब्दाची जात ठरते कुठे?

इंग्रजी व्याकरणाच्या वहीत एक तक्ता हमखास असतो. चार रकाने आखायचे, वर नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण असं लिहायचं आणि खाली भरत जायचं: सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली. मग ब्यूटी, ब्यूटिफाय, ब्यूटिफुल, ब्यूटिफुली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जाऊ लागलं, पुस्तकं कितीदा बदलली, पण तक्ता हटला नाही. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत तर तो पानोपानी भेटतो. तक्त्यात दिलेली रूपं बरोबरच असतात. त्यातून मनात बसणारी समजूत मात्र अपुरी असते. मुलांना वाटतं, इंग्रजी शब्दाचं काम बदललं की त्याचं रूप बदलतं, आणि प्रत्येक शब्दाला चारही रकान्यांत काहीतरी असतंच. मग 'हँड', 'फेस', 'बॅक', 'वॉटर' असे शब्द आले की पेन थांबतं. मन लावून अभ्यास करणारी मुलंच इथे जास्त अडखळतात, कारण रकाना रिकामा सोडणं त्यांना पटत नाही.

'राउंड' हा शब्द घ्या. मुष्टियुद्धातला राउंड हे नाम. राउंड टेबल म्हणताना ते विशेषण. गाडी वळसा घालून कोपरा पार करते तेव्हा क्रियापद, 'कोपऱ्याच्या पलीकडे' सांगताना शब्दयोगी, आणि 'मागे वळ' म्हणताना क्रियाविशेषण. पाच कामं आणि रूप एकच. असे शब्द अपवाद असते तर त्यांची वेगळी यादी करून भागलं असतं. पण अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात तयार झालेल्या सुमारे दहा लाख शब्दांच्या संग्रहावर, म्हणजे ब्राउन कॉर्पसवर, स्टीव्हन डिरोझ यांनी १९८८ मध्ये मांडलेला हिशेब पाहण्यासारखा आहे. संग्रहातल्या निरनिराळ्या शब्दांपैकी जेमतेम ११.५ टक्के शब्द एकाहून जास्त जातींत मोडत होते. प्रत्यक्ष मजकुरात मात्र असे शब्द ४० टक्क्यांहून जास्त वेळा येत होते. जे शब्द सतत तोंडी असतात तेच सर्वांत जास्त फिरतात, असा त्याचा अर्थ.

इंग्रजीत शब्दाची जात मुख्यतः वाक्यातल्या जागेवरून कळते आणि रूपातले फरक हे बहुतांशी जुन्या काळाने मागे ठेवलेले अवशेष आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे. हे दोन्ही धागे हातात असल्याशिवाय तो तक्ता पाठ करणं म्हणजे नुसती घोकंपट्टी. म्हणून या प्रश्नावर आजवर काय काय सांगितलं गेलं आहे, ते एकदा सलग पाहायला हवं.

झडलेले प्रत्यय

जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजीपेक्षा संस्कृत किंवा मराठीच्या जवळची वाटावी इतकी प्रत्ययांनी भरलेली होती. प्रेम म्हणजे 'लुफु', प्रेम करणे म्हणजे 'लुफिअन'. उत्तर 'अंडस्वरु', उत्तर देणे 'अंडस्वरिअन'. शब्द कानावर पडताच तो नाम की क्रियापद हे शेपटीवरून कळायचं. पण इंग्रजीत आघात शब्दाच्या सुरुवातीला असल्याने शेवटचे स्वर आधीच दुबळे उच्चारले जात होते. उत्तरेकडे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी रोजचा व्यवहार वाढला. दोन्ही भाषांचे मूळ शब्द सारखे आणि शेपट्या वेगळ्या, त्यामुळे शेपट्या गळायला मदत झाली असं बरेच अभ्यासक मानतात. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कायद्यात फ्रेंच आली, आणि जुनं लेखन सांभाळणारा दाबही सैल झाला. शेवटचे निरनिराळे स्वर आधी एका अस्पष्ट 'अ'मध्ये मिसळले, 'न' गळाला, आणि पंधराव्या शतकापर्यंत तो 'अ'ही गेला. 'लुफु' आणि 'लुफिअन' दोन्ही मिळून 'लव्ह' उरलं. 'अंडस्वरु' आणि 'अंडस्वरिअन' यांचं 'आन्सर' झालं.

इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. 'लव्ह' हे नाम उचलून कोणी क्रियापद केलं नाही. आधीपासूनचे दोन शब्द झिजून सारखे झाले. पण पुढच्या पिढ्यांच्या कानावर पडलं ते इतकंच की एकच शब्द दोन्हीकडे चालतो. तो नमुना त्यांनी उचलला आणि नवे शब्द तसे वापरायला सुरुवात केली. शेक्सपिअरच्या काळात ही मोकळीक ऐन भरात होती. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये त्याने 'बॉय' या नामाचं क्रियापद केलं आहे. त्या काळी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत. आपला थोरपणा रोमच्या रंगमंचावर कोणी पोरगा पोरकट करून दाखवेल, ही क्लिओपात्राची भीती त्या एका शब्दात मावते. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातले गिलॉम थिएरी आणि लिव्हरपूलचे फिलिप डेव्हिस यांच्या गटाने २००८ मध्ये अशा शेक्सपिअरी वाक्यांवर मेंदूच्या विद्युतलहरींचा प्रयोग प्रसिद्ध केला. अशा वाक्यात वाचकाचा मेंदू वाक्यरचनेपाशी जास्तीचं काम करताना दिसला, पण अर्थापाशी तो अडला नाही. रचना अनोळखी आणि अर्थ लख्ख, असा तो अनुभव आहे. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मराठी वाचक शेक्सपिअर वाचताना नेमका कुठे थबकतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

प्रत्यय गेले तरी जाताना खुणा ठेवून गेले. 'हाउस' या नामाचा शेवट 'स' आणि क्रियापदाचा 'झ' का? जुन्या इंग्रजीत 'स', 'फ' आणि 'थ' हे वर्ण दोन स्वरांच्या मधे आले की घोष व्हायचे. नाम होतं 'हूस', त्यात 'स'नंतर काहीच नाही. क्रियापद होतं 'हूसिअन', त्यात 'स'च्या दोन्ही बाजूंना स्वर. पुढे शेपटी गळाली, पण तिने केलेला मऊपणा राहिला. 'ब्रेथ' आणि 'ब्रीद', 'बाथ' आणि 'बेद', 'ग्रास' आणि गुरं चारण्याचं 'ग्रेझ' यांत तोच प्रकार. फ्रेंचमधून आलेले 'यूस–यूझ' आणि 'ॲडव्हाइस–ॲडव्हाइझ' नंतर याच रांगेत येऊन बसले.

याहून जुनी खूण स्वरांत आहे. 'फूड'चं 'फीड', 'ब्लड'चं 'ब्लीड', 'फुल'चं 'फिल', 'गोल्ड'चं 'गिल्ड'. लिखित इंग्रजी सुरू होण्याच्याही आधी या क्रियापदांना 'य'कार असलेला प्रत्यय लागत असे. त्या 'य'ने आधीच्या स्वराला तोंडाच्या पुढच्या भागात ओढलं आणि मग तो स्वतः नाहीसा झाला. 'लाँग–लेंग्थ', 'स्ट्राँग–स्ट्रेंग्थ', 'ब्रॉड–ब्रेड्थ', 'फाउल–फिल्थ' ही नामं याच कारणाने अशी दिसतात, आणि 'फुट'चं अनेकवचन 'फीट' होतं तेही यामुळेच. तक्त्यात ही रूपं नुसती पाठ करायला दिलेली असतात. एक कारण सांगितलं तर निम्मी आपोआप लक्षात राहतील.

प्रत्ययांच्या घराण्यातले नियम

नव्या इंग्रजीकडे प्रत्यय उरलेच नाहीत असं नाही. घरचे '-नेस', '-शिप', '-हूड', '-डम', '-फुल', '-लेस', '-ली', '-इश' आहेत. फ्रेंच-लॅटिनकडून आलेले '-मेंट', '-एशन', '-इटी', '-एबल' आणि मुळात ग्रीकमधून आलेला '-आइझ' आहे. घरच्या प्रत्ययांपैकी काही एके काळी स्वतंत्र शब्द होते: '-डम'मध्ये निवाड्याचा शब्द आहे, '-हूड'मध्ये स्थिती किंवा दर्जा सांगणारा, आणि '-ली'च्या मुळाशी शरीर, रूप या अर्थाचा.

'-नेस' आणि '-इटी' यांचं काम एकच, विशेषणापासून भाववाचक नाम करणं. पण वागणूक निराळी. '-नेस' शब्दाला धक्का लावत नाही, शेवटी येऊन शांतपणे चिकटतो. '-इटी' लागला की आघात सरकतो, स्वर बदलतो: 'क्युरिअस'चं 'क्युरिऑसिटी', 'सेन'चं 'सॅनिटी'. म्हणून नवं नाम पटकन करायचं असेल तर इंग्रज '-नेस'कडे वळतो. मार्क ॲरोनॉफ यांनी १९७६ च्या पुस्तकात दाखवलं की 'ग्लोरिअस'चं 'ग्लोरिऑसिटी' होत नाही, कारण त्या जागेवर 'ग्लोरी' आधीच बसलेलं आहे, आणि 'ग्लोरिअसनेस' मात्र चालून जातं. जागा अडलेली असणं हे तत्त्व या साऱ्या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं.

सर्वांत सुंदर नियम '-एन'चा आहे, आणि तो आपल्याकडे शिकवलेला मी फारसा पाहिला नाही. 'ब्लॅकन', 'व्हाइटन', 'रेडन', 'डार्कन', 'डीपन', 'शार्पन' ही क्रियापदं होतात. मग 'ग्रीन', 'ब्लू', 'थिन', 'ड्राय', 'कूल', 'स्लो' यांना '-एन' का लागत नाही? कारण हा प्रत्यय एकाक्षरी विशेषणांना लागतो आणि त्यांच्या शेवटी क, ट, ड, प, थ, फ, स असे अडवून किंवा घासून उच्चारले जाणारे वर्ण लागतात. स्वर, न, म, ल, र यांनी संपणारी विशेषणं प्रत्ययाविना तशीच क्रियापदं होतात: 'टू ड्राय', 'टू कूल', 'टू थिन'. 'लाँग' आणि 'स्ट्राँग' यांच्या शेवटी अनुनासिक आहे. म्हणून तिथे 'लेंग्थ' आणि 'स्ट्रेंग्थ' या नामांना '-एन' लागून 'लेंग्थन' आणि 'स्ट्रेंग्थन' झालं. 'सॉफन' आणि 'फासन' लिहिताना 'टी' असतो, बोलताना नसतो. तरी नियम शाबूत राहतो, कारण उरलेले 'फ' आणि 'स' त्याच गटातले आहेत. हे फळ्यावर मांडून दाखवलं की मुलं स्वतः नवनवे शब्द तपासू लागतात, आणि तो तास लवकर संपतो.

विशेषणांची एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती आपल्याला घरची वाटेल. इंग्रजीत नाम घरचं आणि विशेषण लॅटिनचं अशा जोड्या ढिगाने आहेत: चंद्र 'मून' पण चांद्र 'लूनर', सूर्य 'सन' पण सौर 'सोलर', दात 'टूथ' पण दातांसंबंधी 'डेंटल', मन 'माइंड' पण मानसिक 'मेंटल', समुद्र 'सी' पण सागरी 'मरीन'. मराठीत आपण दात म्हणतो आणि दंतवैद्याकडे जातो, पाणी पितो आणि जलविद्युत प्रकल्प उभारतो. विद्वत्तेच्या भाषेतून विशेषण उचलण्याची सवय दोन्हीकडे सारखी आहे. त्यामुळे 'टूथ'चं विशेषण विचारलं की '-फुल' की '-वाय' असा प्रश्न मुलांना पडणं स्वाभाविक आहे. उत्तर प्रत्ययात नसून निराळ्या भाषेच्या शब्दकोशात आहे.

उलट दिशेची घडणही होते. 'एडिट' हे क्रियापद 'एडिटर'च्या नंतर आलं. 'बर्गल' हे 'बर्गलर'मधून, 'टेलिव्हाइझ' हे 'टेलिव्हिजन'मधून, 'डायग्नोज' हे 'डायग्नोसिस'मधून आणि 'ग्रीड' हे नाम 'ग्रीडी'मधून कापून काढलं गेलं. आज कोणाला ते जाणवतही नाही.

आघाताची सरकती जागा

रूप तेच, अक्षरं तीच, आणि आघात फक्त सरकतो: पहिल्या अक्षरावर 'रेकॉर्ड' म्हणजे नाम, दुसऱ्यावर 'रिकॉर्ड' म्हणजे क्रियापद. 'परमिट', 'प्रेझेंट', 'इम्पोर्ट', 'ऑब्जेक्ट', 'कंडक्ट', 'कॉन्ट्रॅक्ट' तसेच. हा प्रकार जुना वाटतो, पण तो अजून वाढतो आहे. १५७० च्या पीटर लेव्हिन्स यांच्या यमककोशात अशा तीनच जोड्या आढळतात: 'रेबल', 'आउटलॉ' आणि 'रेकॉर्ड'. पुढच्या कोशांतून डोनाल्ड शर्मन यांनी १९७५ मध्ये गणती मांडली ती अशी: १६६० पर्यंत २४, १८०० पर्यंत ७० आणि १९३४ पर्यंत १५०. उच्चारातला बदल सगळ्या शब्दांवर एकदम कोसळत नाही, तो एकेका शब्दातून पसरत जातो, याचं हे अभ्यासकांचं आवडतं उदाहरण आहे. 'मिस्टेक', 'रिपोर्ट', 'डिले' यांना अजून हा फरक शिवलेला नाही. 'ॲड्रेस'च्या नामाचा आघात अमेरिकेत पुढे सरकलेला ऐकू येतो, ब्रिटनमध्ये दोन्ही रूपं बहुधा सारखीच उच्चारली जातात.

मराठी माणसाला हा भाग सर्वांत जड जातो आणि त्याचं कारण सरळ आहे. मराठीत आघातावरून शब्दाचा अर्थ बदलत नाही, आणि देवनागरीत तो दाखवायची सोयही नाही. आपण 'रेकॉर्ड' हा एकच उच्चार घेतला आणि 'रेकॉर्ड केलं', 'रेकॉर्ड मोडलं' दोन्हीकडे वापरला. मराठीत त्याने काही बिघडत नाही. इंग्रजी बोलताना मात्र ऐकणाऱ्याला वाक्य पुन्हा जुळवावं लागतं. शाळेत उच्चार शिकवताना इतर दहा गोष्टींआधी या जोड्या मोठ्याने म्हणून घ्यायला हव्यात.

डस्ट, हॅमर आणि अडलेल्या जागा

प्रत्यय न लावता, आघात न हलवता जात बदलण्याच्या प्रकाराला हेन्री स्वीट यांनी १८९१ च्या 'न्यू इंग्लिश ग्रामर'मध्ये 'कन्व्हर्जन' हे नाव चालवलं. तेच नाव आज सर्वाधिक रूढ आहे. स्टीव्हन पिंकर यांच्या अंदाजाने इंग्रजी क्रियापदांपैकी जवळपास पाचवा हिस्सा मुळात नामं होती.

वर्गातल्याच एका वस्तूपासून सुरुवात करू. खडूची धूळ पुसतो तो डस्टर. 'डस्ट' म्हणजे धूळ, 'टू डस्ट' म्हणजे धूळ झटकणं, आणि त्यावरून झटकणारा डस्टर. पण केकवर पिठीसाखर भुरभुरवतात त्यालाही 'डस्ट' करणंच म्हणतात. एकीकडे धूळ काढायची, दुसरीकडे धुळीसारखं काहीतरी घालायचं. 'सीड'ही असंच: जमिनीत बी पेरणं आणि फळातून बिया काढणं. 'स्टोन' म्हणजे दगड मारणं आणि चेरीतली कोय काढणंही. घालायचं की काढायचं हे शब्द सांगत नाही. वस्तूंचं जगातलं नातं सांगतं. टेबलावर धूळ नको असते आणि केकवर साखर हवी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अर्थ बरोबर लागतो. ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात अशा तेराशेहून जास्त क्रियापदांचा धांडोळा घेतला आणि हेच दाखवलं: नामाचं नवं क्रियापद समजतं ते बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या सामायिक माहितीवर. पेपरवाल्या पोराने वर्तमानपत्र ओसरीवर फेकलं, हे 'पोर्च' या नामाचंच क्रियापद करून सांगता येतं आणि ते कळतंही.

मर्यादा कुठे आहेत, हेही क्लार्क दांपत्याने नोंदवलं. उन्हाळा घालवायला 'समर' आणि हिवाळा घालवायला 'विंटर' ही क्रियापदं आहेत. वसंत घालवायला 'स्प्रिंग' चालत नाही, कारण उडी मारण्याचं 'स्प्रिंग' तिथे आधीच आहे. शरद घालवायला 'ऑटम' चालेल, पण अमेरिकन 'फॉल' नाही, कारण 'फॉल' म्हणजे पडणं. इस्पितळात दाखल करायला 'हॉस्पिटल' हे क्रियापद होत नाही, 'हॉस्पिटलाइझ' ती जागा धरून बसलेलं आहे. ॲरोनॉफ यांना '-इटी'त दिसलेलं अडलेल्या जागेचं तत्त्व इथेही लागू पडतं.

मग खरा वाद सुरू होतो. काहीच न लागता शब्द बदलतो, तर बदल होतो कुठे? हान्स मार्चंड यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात शून्य प्रत्ययाची कल्पना रेटली: जसा '-आइझ' लागतो तसाच एक न दिसणारा, न ऐकू येणारा प्रत्यय लागतो. पाणिनीच्या लोपाची ओळख असलेल्या आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. रोशेल लीबर यांनी शून्य नाकारलं. त्यांच्या मते मनातल्या शब्दकोशात तो शब्द दुसऱ्या जातीखाली पुन्हा नोंदवला जातो, इतकंच. मॉरिस हॅले आणि ॲलेक मॅरंट्झ यांनी १९९३ पासून मांडलेल्या सिद्धांताच्या परंपरेत तर मूळ धातूला जातच नसते. वाक्याच्या सांगाड्यात तो जिथे बसतो तिथे त्याला जात मिळते.

या वादात पॉल किपार्स्की यांचं १९८२ चं निरीक्षण मला सर्वांत बोलकं वाटतं. हातोडी नसेल तर बुटाने खिळा 'हॅमर' करता येतो. पण टाचण्यांनी चित्र भिंतीवर 'टेप' करता येत नाही, त्याला टेपच लागते. म्हणजे 'टेप' क्रियापदाच्या पोटात 'टेप' ही वस्तू आहे, 'हॅमर'च्या पोटात फक्त ठोकणं आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन जोड्या आतून वेगळ्या निघाल्या. पुढे काहींनी या उदाहरणांवर शंका घेतल्या, आणि प्रत्यक्ष बोलण्यात सीमा इतकी कडक नसते हेही खरं. तरी सगळ्या जोड्यांना एकच स्पष्टीकरण पुरणार नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. शून्य प्रत्यय मानावा असं मला वाटत नाही. घालायचं की काढायचं, 'डस्ट'मध्ये ज्या दोन उलट दिशा आहेत त्या एका शून्याने समजत नाहीत. जागेवरून जात ठरते हे म्हणणं इंग्रजीच्या इतिहासाशीही जास्त जुळतं.

नामातून आलेल्या क्रियापदाची ओळख भूतकाळात पटते. घंटा वाजली याला 'रँग' म्हणतात, पण शहराला वेढा पडला तर 'रिंग्ड'. दुसरं 'रिंग' हे कडं या नामातून आलेलं आहे, म्हणून त्याला साधा '-एड' लागतो. बेसबॉलमध्ये चेंडू उंच मारून झेल गेला की 'फ्लाइड आउट' म्हणतात, 'फ्लू आउट' नाही, तेही याच कारणाने.

विरोध आणि रुळणं

प्रत्येक पिढीत कोणीतरी या बदलांवर रागावलेलं असतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी २६ डिसेंबर १७८९ रोजी नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' यांच्या क्रियापदी वापराबद्दल तक्रार केली होती आणि आपल्या अधिकाराने त्यांनी तो थोपवावा अशी विनंती केली होती. आज ही तिन्ही क्रियापदं कोणाला खटकत नाहीत. १९६१ मध्ये वेब्स्टरच्या तिसऱ्या मोठ्या कोशावर अमेरिकन वर्तमानपत्रांनी झोड उठवली तेव्हा 'फायनलाइझ' हा शब्द टीकाकारांच्या जिभेवर होता. 'झेरॉक्स' कंपनीने आपल्या नावाचं क्रियापद करू नका अशा जाहिराती दिल्या. नाव सामान्य शब्द झालं की व्यापारचिन्हावरचा हक्क धोक्यात येतो, म्हणून ती धडपड. 'गुगल'चं क्रियापद मात्र लॅरी पेज यांनी स्वतः १९९८ मध्येच वापरलं होतं. २००६ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आलं आणि २०१० च्या जानेवारीत अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्याला दशकाचा शब्द ठरवलं.

सध्या डोळ्यांसमोर घडणारा बदल 'फन'चा आहे. तो शब्द नाम होता, मग 'फन पार्टी' असा नामापुढे बसू लागला, आणि आता मुलं त्याचं 'फनर', 'फनेस्ट' करतात. नामापुढे बसणारं प्रत्येक नाम विशेषण होत नाही: दगडी भिंतीला 'स्टोन वॉल' म्हणता येतं, पण 'व्हेरी स्टोन' म्हणता येत नाही. 'व्हेरी' आणि '-एर' लागले की उडी पूर्ण झाली असं समजायचं.

भारताने या प्रवाहात भर घातली आहे. 'शाम्पू' इंग्रजीत अठराव्या शतकात क्रियापद म्हणून शिरला, अंग चेपणं या अर्थाने, हिंदीतल्या 'चाँपो' या आज्ञार्थावरून. आपली 'चंपी' त्याच घरातली. केस धुण्याचा पदार्थ हे नाम नंतरचं. 'लूट' नाम म्हणून गेली आणि तिचं 'लूटेड', 'लूटर' झालं. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत 'घेराओड' आणि 'लाठीचार्ज्ड' रोज भेटतात.

मराठीत येणारे इंग्रजी शब्द मात्र जात घरी ठेवून येतात. क्रियापद 'सबमिट', नाम 'पार्टी', विशेषण 'फायनल': तिघांनाही आपण 'करणे' जोडतो. ज्या 'फायनलाइझ'वर अमेरिकेत एवढी टीका झाली, त्याची गरजच आपल्याला पडली नाही, आपण 'फायनल केलं'. 'होणे' जोडून 'कन्फ्यूज झालो', 'बोअर झालं', 'सक्सेस झालं'. इंग्रजी लिहिताना मुलं 'आय ॲम कन्फ्यूज' किंवा 'ही इज सक्सेस' लिहितात ते इथून येतं. ते आळसातून होत नाही. मराठीचा नियम ती इंग्रजीला लावतात, आणि शिक्षकाने हे ओळखून दुरुस्ती केली तर ती टिकते. शिवाय आपलं व्याकरण इंग्रजीच्या साच्यात बसवून पाहायची परंपराही जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं १८३६ चं व्याकरण इंग्रजी नमुना समोर ठेवून लिहिलेलं, आणि शब्दांच्या आठ जाती शाळेत रुळल्या त्या त्या वाटेने.

खुद्द मराठी या कामात इंग्रजीपेक्षा कमी नाही. पाणी–पाणावणे, हात–हाताळणे, लाथ–लाथाडणे, थंड–थंडावणे, आळस–आळसावणे. 'रंग', 'फूल' यांना तर थेट 'णे' लागतो. 'खेळ', 'मार', 'नाच' हे नाम आहेत की आज्ञा हे वाक्यावरूनच कळतं, पण पुढे 'खेळतो', 'मारलं' असे प्रत्यय लागताच जात उघड होते. इंग्रजीत ती उघड करायला जागेशिवाय फारसं काही उरलेलं नाही, हा दोन्ही भाषांतला खरा फरक. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने आपले धातू बनवलं: खर्चणे, बदलणे, फर्मावणे. इंग्रजी शब्दांना दोनशे वर्षांत हे भाग्य फारसं लाभलं नाही. 'इंग्रज'पासून 'इंग्रजाळणे' झालं, पण ते नाव मराठीत पोर्तुगिजांकडून आलेलं. अलीकडे तरुण मुलं 'गुगलून बघ' म्हणतात. तिथे 'करणे' नाही, शब्दाला सरळ मराठी प्रत्यय लागला आहे.